नकाशावर वऱ्हाड कुणाचं?

गेल्या दीड महिन्यात मी दोनच गोष्टी केल्यात. दिवसा ऑफिसचा कोड लिहिला आणि रात्री 'एम्पायर: टोटल वॉर' खेळलो. झोप ही तिसरी गोष्ट, ती फारशी झाली नाही.

गेम जुना आहे. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीनं काढलेला, आणि २०२४ मध्ये तो फोनवरही आला. त्यामुळे तुमच्यापैकी काही जण आत्ता लोकलमध्ये हाच खेळत असतील. अठराव्या शतकाचा खेळ आहे. १७०० मध्ये सुरू होतो, वर्षाला दोन चाली आणि १७९९ ला शेवट. इंग्लंड, फ्रान्स, प्रशिया यांच्यासोबत मराठेही निवडता येतात. आता मराठी पोरगा दुसरं काय निवडणार? मी मराठेच घेतले.

सात-आठ रात्रींत दख्खन माझं झालं. मग वऱ्हाड-नागपूरचा भाग घेतला. एक मोठी लढाई, राजधानीत फौज घुसली आणि क्षणात तो सगळा पट्टा माझ्या रंगाचा. मी स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "वऱ्हाड आपलं."

त्याच आठवड्यात बाबा पुण्याला माझ्याकडे आले होते. आम्ही मूळचे अकोला जिल्ह्यातले. बाबा तलाठी म्हणून रिटायर झाले, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीची कागदपत्रं सांभाळली. चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "काय रे, हे अकोल्याकडलं समदं तुयं झालं काय?"

मी म्हटलं, "हो बाबा, जिंकलं."

"म्हंजे नेमकं काय झालं? वसुली कोन करते आता? आधीचा जो होता त्याचा हक्क कुठी गेला?"

मी हसलो. म्हटलं, गेममध्ये तसं काही नसतं. मालक बदलतो, संपलं. ते म्हणाले, "असा सातबारा मी तं कधी पाह्यला नाही."

आजचा भाग त्या वाक्यावर आहे.

आधी गेमचं आतलं सांगतो, कारण ते माझं क्षेत्र. गेममध्ये प्रत्येक प्रांत ही एक नोंद असते आणि त्या नोंदीत मालक नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात एकच नाव बसतं. ज्याचं नाव, त्याचा रंग आणि त्याचाच कर. कर ठरवायला दोन स्लायडर आहेत, एक वरच्या वर्गासाठी आणि एक खालच्या. नवीन जिंकलेल्या प्रांतात लोक चिडलेले असतात, म्हणून थोडे दिवस करमाफी देता येते. बस, राज्यकारभार संपला.

याच्यापेक्षा किचकट गेम आहे 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, २०१३ चा. त्याच्या प्रांतांच्या फायली साध्या टेक्स्टमध्ये असतात, त्या मी उघडून बघितल्या. तिथं मालक वेगळा आणि ताबेदार वेगळा. युद्धात तुम्ही किल्ला घेतला की ताबेदार बदलतो, मालक तह झाल्यावर बदलतो. शिवाय एकाच प्रांतावर अनेक राज्यांचे दावे लिहून ठेवता येतात. छान वाटलं. पण वसूल शेवटी एकाच्याच खिशात जातो.

आता खरं १७०० बघू. गेम जिथं सुरू होतो, त्या वर्षी औरंगजेबाची फौज साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसली होती. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये अजिंक्यतारा पडला. ताराबाईंनी कारभार हातात घेतला. पुढची सात वर्षं किल्ले जात होते आणि परत येत होते. इथपर्यंत मालक-ताबेदार हे मॉडेल कसंबसं चालतं.

पण त्याच काळात मराठे मोगलांच्या मुलखात घुसून चौथाई घेत होते, आणि तिथं हे मॉडेल कोसळतं. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. त्यावर सरदेशमुखी, म्हणजे आणखी दहा टक्के. मुलूख कागदोपत्री मोगलांचाच. मोगलांचे अंमलदार तिथंच बसलेले. आणि त्याच गावातून मराठ्यांचाही हिस्सा निघतोय.

सुरुवातीला हे जबरदस्तीनं होतं. १७१९ मध्ये त्यावर शिक्का बसला. सय्यद बंधूंच्या मदतीला दिल्लीला गेलेले बाळाजी विश्वनाथ बादशाही सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली. सहा सुभे म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद आणि विजापूर. बदल्यात शाहूंनी बादशहाच्या चाकरीला १५,००० घोडदळ ठेवायचं आणि मुलखात बंदोबस्त राखायचा. म्हणजे बादशहाचं राज्य कायम, आणि त्याच राज्याच्या उत्पन्नात मराठे कायदेशीर भागीदार. शाळेत हा धडा मी 'सनदा मिळवल्या' एवढ्या दोन शब्दांत पाठ करून सोडून दिला होता.

आता जरा आकडेमोड करू, मजा येते. समजा एका गावाचा महसूल १०० रुपये. सरदेशमुखीचे १० बाजूला काढा. चौथाईचे झाले २५. पण हे २५ सुद्धा एका खिशात जात नाहीत. त्यातला चौथा भाग, ६ रुपये २५ पैसे, ही राजाची बाबती. ६ टक्के म्हणजे दीड रुपया साहोत्रा, तो पंत सचिवांचा. ३ टक्के म्हणजे पाऊण रुपया नाडगौंडा, तो राजा ज्याला देईल त्याचा. उरलेले साडेसोळा रुपये मोकासा, तो सरदारांचा, फौजेच्या खर्चासाठी. बेरीज करून बघा, बरोबर २५ येते. (मी मोबाइलच्या रुपयात केलंय. त्या काळी आणे होते, पण हिशेब तोच.)

आणि १०० मधले बाकीचे ६५ मोगल अंमलदाराचे किंवा जहागीरदाराचे. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क वेगळेच. एका गावाचे इतके भागीदार!

एका सरदाराचे वाटे एकाच सलग पट्ट्यात असतील असंही नाही. एका महालात याचा मोकासा, शेजारच्या महालात त्याचा. हे नकाशावर रंगवायचं म्हटलं तर एका गावात चार-पाच रंगांचे पट्टे ओढावे लागतील, आणि पुढच्या गावात पट्ट्यांची रुंदी बदलेल. माझ्या धंद्यात याला सरळ वेगळा तक्ता लागतो. गावाच्या नोंदीत मालकाचा रकाना ठेवायचाच नाही. गाव, हक्कदार, हक्काचा प्रकार आणि हिस्सा, अशा चार रकान्यांचा वेगळा तक्ता करायचा. पेशवे दफ्तरातले हिशेब बघितले की लक्षात येतं, आपल्या कारकुनांनी मोडी लिपीत हाच तक्ता कधीच करून ठेवला होता.

आता वऱ्हाडाकडे येऊ, कारण हा प्रकार तिथं सगळ्यात जास्त दिवस टिकला.

१७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला लढाई झाली. निजाम-उल-मुल्कनं मुबारिजखानाला हरवलं आणि दख्खनमध्ये आपलं वेगळं राज्य बसवलं. वऱ्हाड त्याच्याकडे आलं. पण वऱ्हाडची चौथाई शाहू महाराजांनी भोसल्यांना दिलेली होती, आधी कान्होजी आणि मग रघूजी भोसले. म्हणजे निजाम म्हणतो मुलूख माझा, आणि नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार गावोगाव वसुलीला बसलेले. दोघांचे अंमलदार शेजारी शेजारी. अशा कारभाराला शब्द होता दुअमली.

हा शब्द मी आजोबांच्या तोंडून लहानपणी ऐकला होता. घरात दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की ते म्हणायचे, "हे दुअमली कारभार बंद करा." मला वाटायचं हा त्यांचाच शब्द आहे. बाबांनी परवा सांगितलं की वऱ्हाडात दोन सरकारं होती त्या काळातला तो शब्द आहे.

ऐकायला मजेशीर वाटतं, पण कुणब्याच्या जागी उभं राहून बघा. पीक एकदाच येणार. दारात मात्र दोन सरकारांची माणसं. एकाला दिलं म्हणून दुसरा सोडत नाही. दोघांत बिनसलं तर फौज तुमच्या शेतातून जाणार, मग ती कुठल्याही रंगाची असो. वाटणीची ही पद्धत हुशारीची होती हे मान्य, पण तिचा भार कुणाच्या खांद्यावर होता ते विसरून चालणार नाही. गेमच्या नकाशात प्रांताची लोकसंख्या हा एक आकडा आहे. तो आकडा कधी कुणाला विचारत नाही की बाबा, नक्की कुणाला देऊ?

पुढे १८०३. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबरला आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि दोन दिवसांत देवगावचा तह झाला. भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला वाटा सोडला, तो इंग्रजांनी निजामाला दिला. वाटलं, चला, आता तरी एकच मालक.

कसलं काय! इंग्रजांनी निजामाच्या नावानं उभारलेल्या फौजेचा खर्च थकला, आणि १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीनं घेतला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये. विचार करा, अख्खा प्रांत भाड्यानं! दुसऱ्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. तरी निजामाचं नाव जाईना. १९३६ च्या करारात त्याची मालकी पुन्हा मान्य झाली आणि हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे माझे पणजोबा ज्या वऱ्हाडात राहत होते, तिथला कारभार मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारचा, आणि कागदावरची मालकी हैदराबादची.

१७२४ पासून १९४७ पर्यंत धरले तर सव्वादोनशे वर्षं. यातल्या बहुतेक काळात "वऱ्हाड कुणाचं?" या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नव्हतं. आणि मी ते एका रात्रीत एका रंगात रंगवून ग्रुपवर टाकलं होतं.

गेम बनवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. एकच मालक ठेवला की खेळ समजतो, संगणकाला चाल ठरवता येते, जिंकलो की हरलो ते कळतं. मीही तेच केलं असतं. माझी अडचण वेगळी आहे. तो नकाशा गेमच्या बाहेर येतो. ग्रुपवर फिरणारे 'अटकेपार'चे नकाशे आठवा. एका सालाचा एक सलग रंग, कडा अगदी धारदार. त्यावर भांडणं होतात, हे आमचं होतं, ते त्यांचं होतं. त्या सालचा खरा हिशेबनीस त्या भांडणात आला असता तर त्यानं विचारलं असतं, हिस्सा किती आणि कशातला? चौथाई, सरदेशमुखी की सगळा अंमल? मराठ्यांची ताकद यात कमी होत नाही. परक्याच्या मुलखात आपली वसुली बसवायची, तिचा पैशापर्यंत हिशेब ठेवायचा आणि तो दिल्लीकडून मान्य करून घ्यायचा, हे किल्ला घेण्याइतकंच अवघड काम होतं. फक्त ते रंगात दिसत नाही.

बाबा पुण्याला का आले होते, ते सांगायचं राहिलं. आमचं गावाकडे चार एकर शेत आहे. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर पाच नावं चढली, बाबा, दोन काका आणि दोन आत्या. इतर हक्कात सोसायटीचा बोजा. शेत कसतो धाकटा काका, सोयाबीन आणि तूर. काकाचं म्हणणं, कसतो मी, तर आत्यांनी हक्कसोड करून द्यावा, सातबारा सुटसुटीत होईल. त्याचं कागदपत्र घेऊन बाबा माझ्याकडे आले होते, मी वाचून बघावं म्हणून.

मी वाचलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मलाही पटलं होतं. पाच नावांपेक्षा कमी नावं बरी, व्यवहार सोपा. मग आम्ही चौथाईवर तासभर बोललो, वर लिहिलंय ते बरंचसं त्याच रात्रीचं आहे. झोपायला जाताना बाबांनी ते कागद पिशवीत परत ठेवले. म्हणाले, "राहू दे नावं. काका कसते तं त्याले कसनाऱ्याचा वाटा जास्त देऊ. पन पोरीचं नाव सातबारा सुटसुटीत व्हावा म्हनून नाही काढत मी."

काकाला ते अजून पटलेलं नाही. दिवाळीत गावाला गेल्यावर त्यावर जोरात चर्चा होणार आहे, त्याचा वेगळा भाग करावा लागेल बहुतेक.

गेम मी अजून खेळतोय. मराठ्यांकडूनच. फक्त स्क्रीनशॉट टाकणं बंद केलंय. तुमच्या घरात जुना मोडीतला कागद, सनद, वतनाचा हिशेब असं काही असेल तर घरच्या मोठ्यांना त्याबद्दल विचारा. एखादा दुअमलीसारखा शब्द निघाला तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.