चुलीजवळचा इतिहास

परगांवचा पाहुणा पुण्यास आला म्हणजे त्यास प्रथम शनिवारवाडा दाखविण्यांत येतो. वाडा १८२८ सालीं आगींत जळाला. तट आणि दरवाजे उरले. आंत माणसें कशीं राहत, कोणत्या दिव्याच्या उजेडांत जेवत, हें त्या तटावरून कळत नाहीं. तें कळावें यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, असे एक गृहस्थ याच शहरांत होऊन गेले.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविता करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि त्या नादानें त्यांना गांवोगांव हिंडविलें. त्यांनीं जमविलें काय? समया, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासावयाच्या वज्र्या, दौती, स्वयंपाकाचीं भांडीं, वाद्यें, कोरीव दारें! घरोघर रॉकेलचे कंदील व कारखान्यांतला माल येऊं लागल्यावर जुनें पितळ मोडींत जात होतें. लढायांचा वृत्तान्त बखरींत राहिला; अडकित्त्याची बखर मात्र कोणी लिहिली नव्हती.

स्वीडनमध्यें आर्थर हेझेलियस यांनीं १८७३ सालीं स्टॉकहोम येथें अशाच घरगुती वस्तूंचा संग्रह लोकांस खुला केला, व १८९१ सालीं स्कान्सेन येथें शेतकऱ्यांचीं जुनीं घरेंच आणून उभीं केलीं. तेथेंहि कारण हेंच: यंत्रयुगानें जुनी राहणी झपाट्यानें पुसली जात होती.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणींच वारला. बापानें त्याचें नांव संग्रहास दिलें. वीस हजारांहून अधिक वस्तूंचें हें धन पुढें त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. १९९० सालीं ते निवर्तले. शुक्रवार पेठेंतील त्या वास्तूंत कोथरूडहून आणलेला मस्तानीमहालहि पुन्हां उभा आहे.

तथापि कांचेआडच्या समईंत तेल नाहीं, अडकित्त्यांत सुपारी नाहीं. वस्तु वांचली, ती हाताळण्याची रीत मात्र माणसाबरोबर जाते. म्हणून संग्रहालय पाहून परतल्यावर घरांतील वडीलधाऱ्या बाईंस विचारावें, "ही वज्री कशी वापरीत? ही वात कशी वळीत?" उत्तर देणारें माणूस घरांत आहे, तोंवरच हा प्रश्न विचारण्यांत अर्थ आहे.