कावीळ, माळ आणि विहिरीचें पाणी

कावीळ ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत सांपडावयाचें नाहीं. आणि ज्या घरांत कावीळ ठाऊक आहे, तेथें तिच्यावरील एखादा रामबाण उपायही ठाऊक असतोच. कोणी गळ्यांत काड्यांची माळ घालतात, कोणी नाकांत कसलासा रस पिळतात, कोणी दंडावर डाग देतात, तर कोणी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यांत धुवून तें पाणी पिवळें झालेलें सर्वांस दाखवितात. लहानपणीं आम्हीही अशी एक माळ घातली होती. प्रथम ती जेमतेम डोक्यावर बसे. पंधरा दिवसांत ती बेंबीपर्यंत लोंबूं लागली, आमचे डोळेही निवळले, आणि माळ देणाऱ्या म्हाताऱ्याचें नांव गांवभर झालें. त्याच पावसाळ्यांत शेजारच्या घरच्या सुनेस कावीळ झाली. ती सात महिन्यांची गरोदर होती. तिच्या गळ्यांतही तशीच माळ पडली व तशीच लांबत गेली; परंतु ती मुलगी वांचली नाहीं. हातगुण तोच, माळ तीच. मग एकानें उठावें आणि दुसरीनें जावें, हें कां? हा प्रश्न पुष्कळ वर्षें आमच्या मनांत घर करून राहिला. त्याचें उत्तर शोधूं जातां जो इतिहास हातीं लागला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, आमच्या पूर्वजांनीं या रोगाकडे डोळेझांक केली नव्हती. चरकसंहितेंत पांडुरोगाच्या प्रकरणीं कामलेचें वर्णन आहे. पित्ताची वाट कफानें अडली म्हणजे रोग्याचा मळ तिळाच्या पिठासारखा पांढुरका होतो, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे, आणि अशा रोग्याची चिकित्साही निराळी ठरविली आहे. रोग्याच्या खाटेपाशीं बसून केलेलें हें निरीक्षण आजच्या डॉक्टरासही मान्य होण्यासारखें आहे. परंतु कावीळ हा एक रोग नसून अनेक रोगांचें एकच लक्षण आहे, आणि त्यांतील कित्येकांचें मूळ डोळ्यांस न दिसणाऱ्या विषाणूंत आहे, हें कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

त्या शतकांतील एक मोठा धडा दिल्लीस मिळाला. १९५५ सालीं यमुनेस मोठा पूर आला. तो ओसरतांना नदीनें आपला प्रवाह बदलला, आणि वजिराबाद येथें शहरासाठीं जेथून पाणी घेतलें जाई, तेथें नजफगड नाल्याची घाण येऊन मिसळली. जलशुद्धीकरण करणाऱ्यांनीं क्लोरीनचें प्रमाण वाढविलें. त्यामुळें विषमज्वरासारखे रोग बळावले नाहींत. परंतु डिसेंबर लागतांच घरोघर माणसें पिवळीं पडूं लागलीं, आणि जानेवारी संपण्यापूर्वीं कावीळ झालेल्यांची संख्या अजमासें २९,३०० भरली. जंतु मेले होते, पण विषाणु तरला होता. बहुतेक रोगी बरे झाले. गर्भवती स्त्रिया मात्र इतरांपेक्षां फार अधिक प्रमाणांत दगावल्या.

ही सांथ ‘ए’ विषाणूची असावी, अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. पुढें १९७३ सालीं ‘ए’ विषाणु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला व त्याची रक्तपरीक्षाही निघाली. तेव्हां दिल्लीच्या रोग्यांचें जपून ठेवलेलें रक्तद्रव पुन्हा तपासलें गेलें. या कामांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील संशोधकांचा वांटा होता, ही गोष्ट महाराष्ट्रानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९८० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, हा विषाणु ‘ए’ नव्हे आणि ‘बी’ही नव्हे. काश्मिरांतील १९७८ सालच्या सांथीवरून डॉ. खुरू यांनींही त्याच वर्षीं तसेंच प्रतिपादन केलें. १९८३ सालीं सोव्हिएट संशोधक बालायान यांनीं रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः प्राशन करून कावीळ ओढवून घेतली, आणि आपल्याच मळांत नवा विषाणु शोधून काढला. हाच पुढें ‘ई’ या नांवानें ओळखला जाऊं लागला.

आतां आमच्या माळेचें कोडें सुटतें. ‘ए’ आणि ‘ई’ हे दोन्ही विषाणु दूषित पाण्यांतून व अन्नांतून येतात, आणि बहुतेकांच्या अंगांतून कांहीं आठवड्यांत आपण होऊन निघून जातात. मग त्या आठवड्यांत जो उपाय चालूं असेल, त्याच्या पदरीं यश पडतें. माळेच्या ओल्या काड्या सुकून आक्रसतात, दोऱ्याच्या गांठी सैल होतात, व निरोग्याच्या गळ्यांतही ती लांबतेच. आंब्याच्या सालीचा रस आधीं हातांस चोळला असला, म्हणजे चुन्याचें पाणी कोणाच्याही हातांनीं पिवळें होतें. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ची बाधा झाली, तर शेंकडा २० ते २५ पर्यंत स्त्रिया दगावूं शकतात. आमच्या शेजारणीस बहुधा तोच विषाणु भोंवला असावा.

‘बी’ आणि ‘सी’ यांची तऱ्हा याहून निराळी. हे रक्तावाटे, दूषित सुयांतून पसरतात. ‘बी’ तर मातेकडून बालकाकडेही जातो. पुष्कळदां कावीळ न दाखवितां ते वर्षानुवर्षें यकृत पोखरतात. ब्लुमबर्ग यांनीं १९६५ सालीं ज्या द्रव्याची वार्ता प्रसिद्ध केली, तें ‘बी’ विषाणूचाच अंश असल्याचें मागाहून ठरलें, आणि त्यावरून लसही सिद्ध झाली. याच ब्लुमबर्गांनीं आमच्या भुईआंवळीची परीक्षा करण्यास हातभार लावला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९८८ सालीं मद्रासच्या प्रयोगांत ही वनस्पति घेणाऱ्या ३७ जणांपैकीं २२ जणांच्या रक्तांतून ‘बी’ची खूण नाहींशी झाली, नुसती पुडी घेणाऱ्या २३ जणांत असा एकच निघाला. मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु इतरत्र केलेल्या प्रयोगांत तें यश पुन्हा दिसलें नाहीं. वनस्पतीची हेटाळणी न करतां तिची परीक्षा घेतली गेली आणि जो निकाल लागला तो मान्य केला गेला. आमच्या मतें न्याय तो हाच. ‘बी’ समूळ नाहींसा करील असें खात्रीचें औषध अद्याप नाहीं, तथापि तो दाबून ठेवणारीं औषधें आहेत. १९८९ सालीं ओळखू आलेला ‘सी’ तर आज बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोग्यांत बरा होतो. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानें ही तपासणी व औषधें सरकारी रुग्णालयांत विनामूल्य देण्याची सोय केली आहे. असें असतां केवळ डोळे निवळले म्हणून जो रक्त तपासून घेत नाहीं, तो हातचा उपाय दवडतो.

माळ देणाऱ्या त्या म्हाताऱ्यावर आमचा राग नाहीं. त्यानें कोणाकडून पैही घेतली नव्हती. शेजारच्या सुनेस शहरांत नेलें असतें तर ती खात्रीनें वांचली असती, असेंही म्हणवत नाहीं. कारण ‘ई’वर नेमकें औषध तेव्हां नव्हतें, आणि गर्भवतीस निर्धास्तपणें देतां येईल असें तें आजही नाहीं. तथापि तिच्याजवळ जाणतें माणूस असतें व तिची शुश्रूषा नीट झाली असती. शिवाय आमचें आणि तिचें पाणी एकाच विहिरीचें होतें. तें उकळून प्यावें इतकें जरी कोणास सुचलें असतें, तरी कदाचित् माळेची गरजच पडली नसती. गांवानें रोज माळेची लांबी मोजली. विहिरींत मात्र कोणी डोकावून पाहिलें नाहीं.