उतरलेली पायरी, चढलेली पायरी : धेंपो क्लबची हकिकत

विजयाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. पराभवानंतरच्या वर्षाचा इतिहास लिहावयास सहसा कोणी बसत नाही. वस्तुतः व्यक्तीची असो वा संस्थेची, खरी पारख त्याच वर्षी होत असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका वर्षाची हकिकत सांगणार आहोत. ती आहे गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबच्या २०१५-१६ च्या हंगामाची. आमच्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दच्या परिसरात, फुटबॉलपेक्षा कुस्ती, कबड्डी आणि बैलगाड्यांचा घाट यांचीच चर्चा अधिक. तथापि ही हकिकत आपल्या पुणे जिल्ह्यालाही स्पर्शून जाते. ते कसे, हे ओघाने येईलच.

प्रथम या खेळातील एक रीत समजून घेतली पाहिजे. जत्रेच्या आखाड्यात लहान पोरे रेवड्यांवर कुस्ती खेळतात आणि ज्याच्या अंगी बळ आहे तो वर्षागणिक वर सरकत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत पोहोचतो. मधल्या वाटेवर कोणी दार लावून बसलेले नसते. इंग्लंडमध्ये फुटबॉलची साखळी स्पर्धा १८८८ मध्ये १२ क्लबांनिशी सुरू झाली. १८९२ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली. वरच्या श्रेणीतील तळाचे क्लब आणि खालच्या श्रेणीतील अग्रणी क्लब यांच्यात परीक्षा-सामने होत व त्यांवरून कोणी वर जायचे, कोणी खाली यायचे हे ठरे. १८९८ च्या एप्रिलमध्ये स्टोक व बर्नली या दोन क्लबांना केवळ बरोबरी पुरेशी होती. दोघांनी मिळून असा सामना खेळला की गोल करण्याचा प्रामाणिक प्रयत्नच कोणी केला नाही. प्रेक्षक चिडले आणि ती पद्धत त्याच वर्षी मोडीत निघाली. तेव्हापासून गुणतक्त्यातील जागेवरूनच क्लब आपोआप वर जाऊ किंवा खाली येऊ लागले. तात्पर्य, खाली जाण्याची भीती आणि वर येण्याची आशा या दोहोंवर ही सारी रचना उभी आहे. त्यांपैकी एक काढून घेतली की खेळाचे केवळ प्रदर्शन उरते.

आता गोव्याकडे वळू. गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने, हे आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक असेल. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी शिवोलीत हा खेळ मुलांना शिकविला, अशी नोंद सर्वत्र आढळते. शाळेतून तो चर्चच्या पटांगणात आणि भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतांत उतरला. गावोगावच्या संघांतून चुरशीचे सामने होऊ लागले. गोवामुक्तीच्या सुमारास खाण उद्योगातील घराण्यांनी या खेळाला आश्रय दिला. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावे खनिजाच्या बार्जेसवर जशी दिसत, तशीच ती खेळाडूंच्या छातीवरही दिसू लागली. धेंपो क्लबची मुळे डिचोलीत. १९६० च्या दशकात धेंपो घराण्याने त्याला आपले नाव व पाठबळ दिले.

या क्लबचे वैभव उदयास आले ते आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली. २००४-०५ व २००६-०७ या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि पुढे तिचीच जागा घेतलेल्या आय-लीगची २००७-०८, २००९-१० व २०११-१२ ही विजेतेपदे, अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या कारकिर्दीत धेंपोने पटकाविली. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याच्या मातीतली नावे भारतीय संघातही झळकली. या वैभवाला दुःखाची एक किनारही आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात ख्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले. त्यांतील दुसरा गोल करताना झालेल्या धडकेनंतर तो मैदानावर कोसळला आणि प्राणास मुकला. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला.

घसरण ही गोव्याच्या क्लबांना सर्वस्वी अपरिचित होती असे नाही. १९९८-९९ चा राष्ट्रीय विजेता साळगावकर क्लब २००७-०८ मध्ये आय-लीगमधून खाली आला. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, दुसऱ्या श्रेणीतून तो वर चढला. त्याच वेळी वर चढलेल्या संघांत आपला पुणे एफसी हाही होता. आणखी दोन वर्षांत, २०१०-११ मध्ये, साळगावकरने करीम बेंचेरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली आय-लीगच जिंकली. खाली पडणे म्हणजे संपणे नव्हे, हा धडा धेंपोच्या शेजारच्याच घरात गिरविला गेला होता.

धेंपोवर तो प्रसंग २०१४-१५ च्या हंगामात आला. कुलासो २०१३ मध्येच क्लब सोडून गेले होते आणि जुने खेळाडू पांगत चालले होते. अकरा संघांच्या आय-लीगमध्ये धेंपो दहाव्या स्थानी राहिला. येथे वाचकाच्या मनात प्रश्न उद्भवेल, की दहावा खाली गेला, तर अकराव्याचे काय झाले? अकराव्या स्थानी पुण्याचा भारत एफसी हा संघ होता. हा संघ दुसऱ्या श्रेणीतून झगडत आलेला नव्हता; प्रवेशशुल्क भरून थेट वरच्या श्रेणीत दाखल झालेला होता आणि अशा नव्या संघास घसरणीपासून संरक्षण देण्याचा नियम होता. त्यामुळे तळाचा संघ जागेवर राहिला व त्याच्या वरचा, पाच वेळचा राष्ट्रविजेता, पायरी उतरला. नियम आधीच ठरलेला होता, त्यात फसवणूक नव्हती. परंतु जे नियमानुसार असते ते सर्वच न्याय्य असते असे म्हणावयास आमची लेखणी धजत नाही.

अशा वेळी क्लबापुढे दोन वाटा होत्या. गाशा गुंडाळावा, किंवा दुसऱ्या श्रेणीत जाऊन खेळावे. धेंपोने दुसरी वाट धरली. ज्या संघाने आशियाई स्पर्धेत परदेशी क्लबांशी दोन हात केले होते, त्याने प्राथमिक गटापासून सुरुवात करावयाची, प्रेक्षक तुरळक, वृत्तपत्रांत दोन ओळींची बातमी, आणि समोरचा प्रत्येक संघ 'धेंपोला हरविले' एवढे सांगता यावे म्हणून जिवाच्या आकांताने खेळणारा! मोठेपणाच्या आठवणी अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. उलट त्या ओझे होतात. तरीही २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद धेंपोने मिळविले. पंजाबचा मिनर्व्हा संघ उपविजेता ठरला. एका वर्षात उतरलेली पायरी एका वर्षात पुन्हा चढली गेली.

कहाणी येथेच संपती, तर ती सुखान्त झाली असती. परंतु मे २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील स्पर्धांची नवी रूपरेषा मांडली. तीनुसार २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही सर्वोच्च स्पर्धा होणार होती, आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार होती, आणि या दोहोंमध्ये वर-खाली जाण्याची वाटच राहणार नव्हती. म्हणजे धेंपोने जी पायरी मोठ्या कष्टाने चढून गाठली, तिच्यावर माडी चढविण्यात आली आणि माडीला जिना ठेवला नाही. जून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब दे गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतल्याचे जाहीर केले. जेथे वर जाण्याचा मार्ग नाही तेथे खेळण्यात अर्थ नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या हक्कासाठी वर्षभर घाम गाळला, तो हक्क धेंपोने एकही सामना न खेळता सोडून दिला.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना एकांगी होऊन चालणार नाही. धेंपो व साळगावकर या घराण्यांचे प्रमुख त्या वेळी सुपर लीगमधील एफसी गोवा संघाच्या मालकीतही सहभागी होते. म्हणजे ज्या माडीविरुद्ध तक्रार, तिच्यावर त्यांचाही एक पाय होता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तत्त्वासाठी केलेल्या त्यागाची किंमत बहुधा तत्त्व मांडणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती गोव्यातील त्या विशी-बाविशीच्या खेळाडूंनी दिली, ज्यांना राष्ट्रीय पातळीवर खेळण्याची संधी त्यांच्याच क्लबातून मिळावयाची होती. खेळाडूच्या आयुष्यात चांगली वर्षे दहा-बारा असतात. त्यांतील एकेक वर्ष मोलाचे असते. दुसऱ्या बाजूने पाहता, अन्याय दिसत असताना मुकाट्याने सामने खेळत राहणे हाही त्या तरुणांवर अन्यायच झाला असता, असे म्हणणारे म्हणतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

मात्र रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघांत मिझोरामचा ऐझॉल एफसी आठवा आला होता. नववा होता पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स. तोही थेट प्रवेशाचा, म्हणून संरक्षित! घसरण ऐझॉलच्या वाट्याला आली. म्हणजे धेंपोवर जो प्रसंग आदल्या वर्षी गुदरला, तोच. पण गोव्याचे क्लब बाहेर पडल्याने ऐझॉलला परत बोलाविण्यात आले. मुंबईच्या मैदानांवर उमेदीची वर्षे घालविलेल्या खालिद जमील यांनी त्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले आणि २०१६-१७ ची आय-लीग ऐझॉलने जिंकली. दुसऱ्या श्रेणीत धेंपोच्या मागे राहिलेल्या मिनर्व्हालाही वर प्रवेश मिळाला व २०१७-१८ चे अजिंक्यपद त्यांनी मिळविले. एक खाली गेलेला, एक मागे राहिलेला. दोघेही लागोपाठ राष्ट्रविजेते झाले. कोणता संघ कोठे शोभतो हे आधीच ठरवून टाकणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर दुसरे कोणते असेल?

इतिहासाची गंमत पुढे आहे. ज्या दारासाठी गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, ते दार अखेर उघडले. २०२२-२३ च्या आय-लीग विजेत्यास सुपर लीगमध्ये बढती मिळेल असे ठरले आणि त्या दारातून २०२३ मध्ये पहिल्यांदा आत गेला तो पंजाब एफसी. हा संघ म्हणजे त्याच मिनर्व्हाचे बदललेल्या मालकीतील नवे रूप. २०१६ मध्ये धेंपोच्या मागे दुसरा आलेला!

आणि धेंपो? क्लब बंद पडला नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये तो खेळत राहिला, मुलांना तयार करीत राहिला. एकेकाळी त्याच संघाच्या बचावफळीत उभे राहिलेले समीर नाईक प्रशिक्षक झाले. २०२३-२४ मध्ये धेंपो पुन्हा खालच्या राष्ट्रीय श्रेणीत उतरला आणि स्पोर्टिंग क्लब बेंगळुरूच्या पाठोपाठ दुसरे स्थान मिळवून आय-लीगमध्ये परतला. आठ वर्षांपूर्वी जिंकून सोडलेली पायरी त्याने दुसऱ्यांदा चढली, आणि या वेळी तो तेथे खेळला. २०२४-२५ च्या हंगामाअखेर त्याच्यापुढे येऊन चढलेला बेंगळुरूचा संघ पुन्हा खाली गेला. धेंपो टिकून राहिला. जानेवारी २०२५ मध्ये आर्मांदो कुलासो यांना जीवनगौरव श्रेणीतील द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविण्यात आले.

आता पुण्याकडे पाहावे. अवसरी खुर्दहून नाशिक रस्त्याने दीड-दोन तासांत गाठता येणाऱ्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात काही वर्षे देशातले उत्तम फुटबॉल पाहावयास मिळत होते. पुणे एफसी २०१४-१५ नंतर राष्ट्रीय लीगमधून दिसेनासा झाला. भारत एफसी एकाच हंगामापुरता होता. डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ नंतर राहिला नाही. सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये संपला. यांपैकी दोघांना खाली जाण्याची भीती नियमाने माफ केली होती, आणि सुपर लीगच्या संघाला तर खाली जाण्याची वाटच नव्हती. संरक्षण होते, पैसाही होता. नव्हते ते गावाचे प्रेम रुजण्याइतके वय, आणि पडल्यानंतर उठण्याचा अनुभव. केवळ याच कारणाने ते संपले असे आम्ही म्हणत नाही. आर्थिक कारणे प्रबळ होतीच. परंतु आर्थिक अडचणी गोव्यातही आल्या. २०१२ मध्ये तर तेथील खाणीच बंद पडल्या. तरीही जो क्लब पडला, चढला, रुसून बाहेर गेला आणि परतला, तो उभा आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत आज मुलांच्या यशाची मोठी धास्ती असते. मूल नापास होऊ नये, मागे पडू नये, म्हणून देणगी भरून, ओळखी वापरून त्याला वरच्या पायरीवर नेऊन बसविण्याची धडपड आम्ही नित्य पाहतो. त्यामागील माया आम्हांला समजते. पण त्या खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या मागे दहाव्या क्रमांकाचे कोणीतरी दुसऱ्याचे मूल असते, आणि पायरी उतरावी लागते ती त्याला. पालकांनी निदान तेवढा हिशेब मनाशी मांडावा. आणि जे मूल खाली आले असेल, त्याला धेंपोचे २०१५-१६ हे वर्ष सांगावे. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या श्रेणीचा पहिला सामना खेळला, मग दुसरा, मग तिसरा.