रेखीय क्रमित गट आणि प्रा. लेव्ही

ज्या गटातील सर्व घटक लहानमोठेपणाने एका ओळीत मांडता येतात, आणि कोणत्याही घटकाने डावीकडून वा उजवीकडून गुणले तरी तो क्रम ढळत नाही, त्यास रेखीय क्रमित गट म्हणतात. ऑटो होल्डर यांनी १९०१ साली सिद्ध केले की, असा प्रत्येक आर्किमिडीय गट वास्तव संख्यांच्या बेरीज-गटात सामावतो. परंतु मुळात कोणत्या गटास असा क्रम देता येतो?

या प्रश्नाच्या इतिहासातील एक प्रकरण भारतात घडले. ज्यू वंशाचे म्हणून १९३५ मध्ये लाइपझिग येथील पदावरून दूर केले गेलेले फ्रीड्रिख विल्हेल्म लेव्ही कलकत्ता विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. क्रमित गटांवरील त्यांचा निबंध इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये १९४२ साली प्रसिद्ध झाला. १९४८ ते १९५२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

लेव्हींचे प्रमेय असे: अविकारी घटकाखेरीज एकही घटक सान्त कोटीचा नसेल तरच, आणि तेव्हा निश्चितच, आबेलीय गट क्रमित करता येतो. पहिली बाजू उघड आहे. धन घटकाचे घात वाढतच जातात, ते अविकारी घटकाकडे परतत नाहीत. दुसरीसाठी गट परिमेय संख्यांवरील सदिश अवकाशात बसवून शब्दकोशाप्रमाणे क्रम लावावा.

अनाबेलीय गटांत ही अट पुरत नाही. क्ष आणि य यांनी जनित गटात क्ष⁻¹यक्ष = य⁻¹ एवढाच संबंध घ्यावा. सान्त कोटीचा घटक येथेही नाही. तथापि य धन मानताच य⁻¹ धन ठरतो, आणि ऋण मानताच तोही ऋण. ही विसंगती टाळता येत नाही. आबेलीय गटांपुरता मिटलेला प्रश्न येथून खऱ्या अर्थाने सुरू होतो.