अस्सल भागांचें बनावट घड्याळ

जुन्या पत्राची परीक्षा करतांना कागद, शाई, अक्षराचें वळण, शिक्का व मिति यांचा पुरावा निरनिराळा तपासावा, ही शिस्त संशोधकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु यांतील एकेक पुरावा खरा ठरूनहि समग्र वस्तु बनावट असूं शकते, इकडे तितकेंसें लक्ष जात नाहीं. ही गोष्ट उघड करणारें एक प्रकरण स्वित्झर्लंडांत घडलें. तें पत्राचें नसून मनगटी घड्याळाचें आहे; तथापि दप्तरें चाळणारांस तें परकें वाटूं नये.

ओमेगा कंपनीनें १९५७ सालीं 'स्पीडमास्टर' नांवाचा क्रोनोग्राफ, म्हणजे चालू वेळ न थांबवितां मधला काल निराळ्या कांट्यानें मोजणारें घड्याळ, विक्रीस काढलें. पहिल्या नमुन्याचा क्रमांक सीके २९१५. त्याच्या खुणा जाणत्यांस पाठ असतात : कांचेभोंवतीं पोलादी कडें व त्यावर वेगमापनाचे आंकडे, रुंद बाणासारखा तासकांटा, आंत लेमानियाच्या यंत्रावरून सिद्ध केलेलें ३२१ क्रमांकाचें यंत्र, आणि झांकणाच्या आंतल्या अंगास नमुन्याचा क्रमांक. १९५९ मधील सीके २९९८ हा नमुना काळ्या कड्याचा व निराळ्या कांट्यांचा आहे. १९६८ पासून ३२१ च्या जागीं ८६१ हें यंत्र येऊं लागलें. एवढ्यावरून काळाच्या दोन्ही मर्यादा ठोकळमानानें बांधतां येतात.

याहून बोलका साक्षी म्हणजे अंधारांत चकाकणारा लेप. १९५७ चा लेप रेडियमचा असावयाचा. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें. पण त्याच्या माऱ्यानें सोबतचें चकाकणारें द्रव्य थोड्याच दशकांत निकामी होतें. म्हणून लेप डोळ्यांस निस्तेज आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रास मात्र जिवंत, अशी जोडी जुळली पाहिजे. इतका जुना लेप आज रात्रभर लखलखत असेल, तर तो मागाहून चढविला असें समजावें. अर्थात् दुरुस्तींत कांटे बदलणें ही लबाडी नव्हे. बदल झांकून ठेवणें ही लबाडी.

आतां मूळ प्रकरण. नोव्हेंबर १९५७ नव्हे, तर नोव्हेंबर २०२१ मध्यें जिनीव्हा येथें फिलिप्स या लिलावगृहानें सीके २९१५-१ क्रमांकाचें, काळाची तपकिरी झालेल्या तबकडीचें एक घड्याळ विकलें. अंदाज ८०,००० ते १,२०,००० फ्रँकांचा होता. किंमत आली ३१,१५,५०० फ्रँक! घेणारें ओमेगाचेंच संग्रहालय होतें. जून २०२३ मध्यें कंपनीनेंच जाहीर केलें कीं, हें घड्याळ बहुतांशीं अस्सल अशा सुट्या भागांचें जोडकाम आहे, आणि त्यांत तिच्या तीन माजी नोकरांचा हात आहे. त्यांपैकीं एक संग्रहालयाचा माजी प्रमुख. ही दुर्मिळ वस्तु संग्रहीं असलीच पाहिजे असें त्यानेंच वरिष्ठांस पटविलें, असें कंपनीचें म्हणणें. फिलिप्सनें आपल्या बाजूनें सांगितलें कीं, यंत्राचा क्रमांक, तें कोणत्या नमुन्यांत बसविलें तो नमुना व विक्रीची तारीख यांची खातरजमा ओमेगाकडूनच करून घेतली होती.

आमच्या मतें सर्व मर्म येथें आहे. कारखान्याच्या वहींतील नोंद क्रमांकाविषयीं बोलते. त्या क्रमांकावर आज बसलेली तबकडी, कांटे व कडें यांविषयीं ती मुकी असते. खऱ्या शिक्क्याच्या कागदावर कोरी जागा सांपडली म्हणजे तेथें कोणताहि मजकूर भरतां येतो, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय दप्तराच्या साक्षीस वजन येतें तें दप्तरदार निःस्वार्थी असतो म्हणून. ज्याच्या हातीं दप्तर तोच खरेदीचा पुरस्कर्ता झाल्यास त्या नोंदीचीहि फेरतपासणी करावी लागते.

तेव्हां वहीच्या उताऱ्यापेक्षां ताब्याची परंपरा अधिक मोलाची धरावी : मूळ खरेदीची पावती, दुरुस्तीच्या नोंदी, पूर्वीच्या विक्रींतील छायाचित्रें. तपकिरी पडलेल्या तबकडीवरील डाग व छटा दुसऱ्या तबकडीवर हुबेहूब उमटत नाहींत. त्यामुळें तीच तबकडी पूर्वीं भलत्याच क्रमांकाच्या घड्याळांत दिसली, तर तें एक छायाचित्र सगळ्या दाखल्यांस पुरून उरतें. अशीं छायाचित्रें लिलावांच्या जुन्या सूचींतून विखुरलेलीं आहेत, आणि त्या सूची रद्दींत जाण्यापूर्वीं जपून ठेवणें संग्राहकांच्या हातचें आहे.