सुरतेचा समुद्र आणि पोर्तुगीज परवाना

सुरतेचे नाव निघताच मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० या दोन सनांची स्मृती जागी होते. शिवछत्रपतींनी ज्या शहरावर दोनदा स्वारी केली, त्याचे वैभव समुद्रमार्गे आलेले होते. परंतु त्या समुद्रावर तत्पूर्वी शतकभर कोणाची आज्ञा चालत होती आणि ती कशामुळे दुबळी झाली, हा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे.

मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतजवळ पोहोचला. त्यानंतर बहुधा दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास लिस्बनहून जहाजांचा ताफा हिंदुस्थानाकडे निघू लागला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, मोझांबिकला विसावा घेऊन, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बळावर तो सप्टेंबरच्या आसपास गोव्यास येई. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत सुरू होई. ही प्रचंड जहाजे तापीच्या उथळ, गाळाने भरलेल्या पात्रात शिरणे शक्य नव्हते. तथापि त्यांत भरले जाणारे कापड आणि नीळ बऱ्याच अंशी गुजरातेतून येई. खंबायतहून लहान नौकांचे काफिले पोर्तुगीज लढाऊ गलबतांच्या पहाऱ्यात गोव्यास जात. लिस्बनच्या जहाजांशी सुरतेच्या भाग्याची गाठ पडली ती अशी.

ही गाठ सुखाची नव्हती. १५३० मध्ये आंतोनियो द सिल्व्हेरा याने सुरत व तापीपलीकडील रांदेर ही दोन्ही गावे जाळली. पुढे १५३४ मध्ये वसई, १५३५ मध्ये दीव येथील किल्ल्याची जागा आणि १५५९ मध्ये दमण पोर्तुगीजांच्या हाती आले. पश्चिमेस दीव आणि दक्षिणेस दमण अशा दोन ठाण्यांच्या कात्रीत सुरत सापडली. शहराच्या रक्षणासाठी खुदावंदखानाने तापीकाठी भक्कम किल्ला बांधला खरा. पण किल्ल्याच्या तोफा खुल्या समुद्रावरील जहाजांचे रक्षण कसे करणार?

त्या समुद्रावर पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना चालू केला होता. जहाजाचे व नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील शस्त्रे आणि जावयाचे बंदर यांची त्यात नोंद असे. मिरीसारखा निषिद्ध माल नेण्यास मनाई असे. परवान्याचे शुल्क फार नव्हते; खरा भार होता तो पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरण्याचा. परवान्यावाचून सापडलेले जहाज मालासह जप्त होई. ज्या समुद्रात गुजरातचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मोकळेपणाने वावरले, तेथे त्यांना परक्याची अनुज्ञा मागावी लागली.

हा जाच केवळ व्यापाऱ्यांनाच नव्हता. १५७३ मध्ये अकबराने सुरत जिंकली. पण हजयात्रेस निघालेली त्याची आत्या गुलबदन बेगम हिलाही परवान्याच्या अडचणीमुळे सुरतेत दीर्घकाळ खोळंबावे लागले. त्या कागदावर मरियम आणि येशू यांच्या प्रतिमा असत, म्हणून तो बाळगून हजला जावे की नाही, असा वाद धर्मशास्त्र्यांत झाल्याचे बदायुनीने नमूद केले आहे. भूमीवर बलाढ्य असलेल्या बादशाहीचे समुद्रावरील दौर्बल्य यापेक्षा अधिक स्पष्ट कोठे दिसणार?

असे असूनही ही व्यवस्था टिकली. परवाना घेतला की जहाज निर्धास्त, एवढा भरवसा तिच्यामागे होता. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी स्वतःच तो मोडला. जहांगीरची आई मरियम-उझ्-झमानी हिचे 'रहीमी' हे विशाल जहाज तांबड्या समुद्रातून परतत असता, परवाना जवळ असूनही, सुमारे ७०० प्रवाशांसह सुरतेजवळ पकडून गोव्यास नेण्यात आले. आदल्याच वर्षी सुवाळीच्या समुद्रात इंग्रज कप्तान टॉमस बेस्ट याने पोर्तुगीजांशी यशस्वी झुंज दिली होती आणि इंग्रजांना सुरतेत व्यापाराची सवलत मिळू लागली होती. तो राग या कृत्यामागे होता.

परिणाम उलटाच झाला. संतप्त जहांगीरने पोर्तुगीजांचा व्यापार बंद पाडला, दमणवर फौज धाडली आणि आग्र्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर बंद केले. १६१५ च्या प्रारंभी खुद्द व्हाइसरॉय आझेव्हेदो आरमार घेऊन सुवाळीवर आला. तेथे निकोलस डाउंटन याने त्याला दाद दिली नाही. त्याच वर्षी मोगल-पोर्तुगीज तह झाला. पण गेलेली पत परत आली नाही. ज्याचा परवाना त्याच्याच हातून मोडतो, त्याच्या परवान्यासाठी दाम कोण मोजणार?

मात्र मोगलांनी यातून स्वतःचे समर्थ आरमार उभारण्याचा धडा घेतला नाही. एका टोपीकराच्या जागी दुसऱ्या टोपीकराचे संरक्षण त्यांनी स्वीकारले. त्याच इंग्रजांनी १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला.

हा धडा महाराष्ट्राने घेतला. कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधताना शिवछत्रपतींनी रुई लैतांव व्हियेगस याच्या हाताखालील पोर्तुगीज कारागीर कामास लावले. ते पुढे फितवले जाऊन निघून गेले, तरी आरमार उभे राहिलेच. कान्होजी आंग्रे यांच्या काळी तर मराठ्यांचे दस्तक समुद्रावर चालू लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि टोपीकरांविषयी सावधगिरीची सूचनाही आहे. आरमार हा शब्द मराठीत पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आला. सुरतेला ज्या शक्तीने शतकभर परवाने मागावयास लावले, तिच्याच शब्दाने मराठ्यांनी आपले सागरी बळ ओळखावे, ही गोष्ट त्या काळाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.