२४ एप्रिल : 'द आउटसायडर्स' प्रकाशित (१९६७)
अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातील एस. ई. हिंटन या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीची पहिली कादंबरी १९६७ मध्ये आजच्या दिवशी व्हायकिंग प्रेसने प्रसिद्ध केली. मोटार अपघातात आईवडील गमावलेल्या तीन कर्टिस भावांची ही गोष्ट. विशीतला डॅरी कॉलेजवर पाणी सोडून छपरं शाकारायला जातो. सोडापॉप शाळा सोडून पेट्रोलपंपावर राबतो. चौदा वर्षांचा पोनीबॉय निवेदक. न्याहारीला तिघं चॉकलेट केक खातात, आई असती तर खाऊ दिला नसता! टोळ्यांच्या वैरात खून पडतो, तेव्हा धाकट्या दोघांची रवानगी बालगृहात होण्याची भीती थेट उंबऱ्याशी येते. लेखक बाई आहे हे कळल्यास समीक्षक नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकांनी नावाची फक्त आद्याक्षरं छापली. गंमत म्हणजे, ती हे लिहीत होती त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनात तिला 'डी' श्रेणी मिळाली होती. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल आणि मुलांनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना कादंबरीवर चित्रपट काढण्याची गळ घातली आणि १९८३ मध्ये तो आला. त्यातलं टल्सामधलं कर्टिस भावांचं घर आज संग्रहालय आहे.